ताप पाच दिवसांत गेला, बोटं मात्र तिथेच अडकली

लिहू लिहू म्हणत बरेच महिने गेले, पण लिहायचं म्हणजे टाइप करायचं, टाइप करायचं म्हणजे बोटं, आणि सगळी गोष्ट चिकनगुनियानंतर अडकलेल्या बोटांचीच आहे. आता बऱ्यापैकी चालतायत म्हणून बसले. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

मी गणित शिकवते, आठवी ते दहावी. वय ४३. गेल्या वर्षापर्यंत सांधा दुखणं हा प्रकार मला फक्त सासूबाईंच्या गुडघ्यावरून माहीत होता. शनिवारी दुपारी पेपर तपासत बसले होते, हातात लाल पेन, आणि तासाभरात १०३ ताप. नुसता ताप नाही, संध्याकाळी बाथरूमला जायचं तर भिंत धरून, कमरेत वाकून, पाय जमिनीला टेकवत नव्हते. दोन दिवसांनी नणंदेलाही, म्हणजे ताईंनाही तेच, त्या आमच्याकडेच राहतात. म्हणजे एकच घर, बहुतेक डासही तेच, दिवसाढवळ्या चावणारे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मला त्याने फार छळलंय.

तिसऱ्या दिवशी रक्त दिलं. डेंग्यू निगेटिव्ह, चिकनगुनियाची आयजीएम (ताज्या इन्फेक्शनची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, शोधणारी टेस्ट) पण निगेटिव्ह. मला वाटलं साधा व्हायरल असेल. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले आत्ता निगेटिव्ह येणारच, प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात, इतक्या लवकर पकडायचा तर थेट व्हायरस शोधणारी पीसीआर करावी लागते, आपण थांबू. आणि डेंग्यू नाही हे पक्कं होईपर्यंत पॅरासिटामॉल सोडून दुसरी कुठलीही पेनकिलर घ्यायची नाही असं दोनदा बजावलं, कारण डेंग्यू असला तर रक्तस्त्रावाची भीती. आठव्या दिवशी परत टेस्ट केली, आयजीएम पॉझिटिव्ह. ताईंचीही. ताप तर पाचव्याच दिवशी गेला होता, अंगावर पुरळ आलं आणि गेलं. डॉक्टर म्हणाले सांधे काही आठवडे दुखतील, बहुतेकांचे आपोआप थांबतात, काहींचे लांबतात. बहुतेकांचे हा शब्द ऐकून मी निवांत झाले. माणूस आपल्याला बहुतेकांतच धरतो.

ताई दोन आठवड्यांत ठणठणीत. मीही तिसऱ्या आठवड्यात शाळेत जायला लागले, थोडं लंगडत, पण जायला लागले.

मग पाचव्या सहाव्या आठवड्यापासून उलटं सुरू झालं. तापाच्या वेळचं दुखणं वेगळं होतं, तेव्हा सगळं अंगच ठेचल्यासारखं होतं. हे नवीन दुखणं नेमकं होतं, जागा धरून बसलेलं. दोन्ही मनगटं, दोन्ही हातांच्या तर्जनी आणि मधल्या बोटाची मुळं, मधले पेर, आणि घोटे. डावीकडे जिथे, उजवीकडेही तिथेच, अगदी आरशात बघितल्यासारखं. सकाळी उठले की हात कोणीतरी दोन साइज लहान हातमोज्यात कोंबलेत असं वाटायचं. टूथपेस्टची ट्यूब दोन तळव्यांच्या मधे दाबून पेस्ट काढायची. नळाची तोटी कोपराने. मागचे हूक लावायला नवऱ्याला हाक मारायची, आणि तो बिचारा डोळे चोळत यायचा आणि एक हूक चुकीच्या घरात लावून जायचा. गंमत अशी की साडेअकरा-बारापर्यंत हात जरा मोकळे व्हायचे, हलवत राहिलं की बरं, बसून राहिलं की परत ताठ. त्यामुळे शाळेत कोणाला पटेना. दुपारी स्टाफरूममध्ये मी हसत बोलत असायची, मग काय, काल तर बरी होतीस, आणि चिकनगुनिया तर आम्हालाही झाला होता.

आम्हालाही झाला होता! हे वाक्य मी किमान तीसदा ऐकलंय. आणि त्यांचं खोटं नव्हतं हीच पंचाईत.

वर्गात एक दिवस वर्तुळ काढत होते. फळ्यावर हाताने एका झटक्यात गोल वर्तुळ काढणं ही माझी खास ऐट होती, पंधरा वर्षांची कमाई. त्या दिवशी मनगट अर्ध्यात अडकलं आणि ते चपटं झालं. मागच्या बाकावरून आवाज आला, बाई, हे लंबवर्तुळ आहे का? सगळा वर्ग हसला, मीही हसले. मग डस्टर उचलायला गेले तर ते बोटांतून निसटून खाली पडलं, आणि वाकून उचलणं जमेना. पहिल्या बाकावरच्या मुलीने काही न बोलता उचलून दिलं.

आता मी केलेला मूर्खपणा सांगते, कारण तो बरेच जण करतात. ओळखीतल्या ओळखीतून एकाने पुड्या आणून दिल्या, कागदात बांधलेल्या, नाव नाही गाव नाही, चिकनगुनियावर रामबाण म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि मूठ वळली. अक्षरशः रडायला आलं आनंदाने. नऊ दिवस मी उड्या मारत होते, झोप कमी, भूक दणदणीत. पुड्या संपल्या आणि चौथ्या दिवशी दुप्पट सूज. नंतर संधिवाताच्या डॉक्टरांनी लक्षणं ऐकूनच सांगितलं की यात बहुतेक स्टेरॉइड होतं, किती होतं देव जाणे. स्टेरॉइड वाईट नाही, त्यांनीही पुढे तेच दिलं, पण किती आणि किती दिवस हे माहीत नसताना घेणं आणि अचानक सोडणं वाईट, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं मंद करून बसतं, जास्त दिवस घेतलं असतं तर महागात पडलं असतं. शिवाय सूज दबल्यामुळे त्या दिवसांत कोणी तपासलं असतं तर काही सापडलंच नसतं.

फॅमिली डॉक्टरांनी अडीच महिन्यांनी ढीगभर तपासण्या लिहून दिल्या. ईएसआर ५८, सीआरपी २६, म्हणजे सूज आहे हे कागदावर आलं (मला कुठेतरी बरंच वाटलं, स्टाफरूममध्ये फडकवावा असा कागद). युरिक ॲसिड नॉर्मल. मग शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघणाऱ्या तीन टेस्ट. आरए फॅक्टर किंचित पॉझिटिव्ह. एएनए १:८० पॉझिटिव्ह. अँटी-सीसीपी निगेटिव्ह. हातांचे एक्स-रे स्वच्छ. रात्री मी एकेक शब्द शोधत बसले आणि पहाटे दोनपर्यंत मला ल्युपस (शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं तो आजार), आमवात आणि अजून चार आजार झालेले होते. सकाळी नवऱ्याने मोबाइल कपाटात ठेवला.

संधिवाताच्या डॉक्टर, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, हे वेगळं खातं असतं हेच मला माहीत नव्हतं. मी हाडांच्या डॉक्टरकडे जाणार होते. या बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी हात मागितले. एकेक पेर दोन्ही अंगठ्यांत धरून दाबत गेल्या, खांदे, कोपर, मनगटं, गुडघे, आणि शेजारी असिस्टंट आकडे लिहीत होती, दुखरा, सुजलेला, दुखरा. मग हात मिळवल्यासारखा हात हातात घेऊन बोटांची मुळं आडवी आवळली. मी ओरडलेच. त्या म्हणाल्या, झालं, मला हेच बघायचं होतं. चौदा सांधे सुजलेले निघाले. मग मनगटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून स्क्रीन माझ्याकडे वळवली, करड्या चित्रात लाल-केशरी ठिपके लुकलुकत होते. सांध्याच्या आतल्या अस्तरात रक्तप्रवाह वाढलाय, म्हणजे सूज आत्ता चालू आहे, जुनी नाही. एक्स-रेमध्ये हे दिसत नाही, एक्स-रेत हाड झिजल्यावर दिसतं, तोपर्यंत थांबायचंच नाहीये, असं म्हणाल्या.

मी विचारलं, मग मला आमवात झालाय का, ऱ्हुमॅटॉइड?

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. म्हणाल्या, २०१० साली अमेरिका आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी मिळून एक गुणपत्रक केलंय, १० पैकी ६ मिळाले की ऱ्हुमॅटॉइड धरायला हरकत नाही. लहान सांध्यांसकट दहापेक्षा जास्त सांधे, ५ गुण. आरए फॅक्टर कमी प्रमाणात पॉझिटिव्ह, २. सीआरपी वाढलेला, १. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ, १. मी मनात बेरीज करून मोकळी, ९! चांगल्या मार्कांनी पास. त्या हसल्या, म्हणाल्या थांबा, वर एक अट लिहिलेली आहे, ही बेरीज तेव्हाच करायची जेव्हा सुजेला दुसरं कुठलं कारण सापडत नाही. आणि तुमच्याकडे तर आयजीएमचा कागद आहे.

म्हणजे उत्तर बरोबर, पण गणितच आपल्याला लागू आहे की नाही तेच ठरत नाही. असं गणित परीक्षेत आलं असतं तर पालक भांडायला आले असते.

मग ते कागद एकेक करून समजावले. आरए फॅक्टर कुठल्याही इन्फेक्शननंतर थोडा वर येऊ शकतो, निरोगी माणसातही सापडतो. १:८० ची एएनए तर चांगल्या धडधाकट लोकांतही बऱ्यापैकी असते, तिच्यावरून ल्युपस ठरत नाही. अँटी-सीसीपी त्यातल्या त्यात पक्का साक्षीदार, तो निगेटिव्ह आहे, पण निगेटिव्ह असून ऱ्हुमॅटॉइड असलेलेही रुग्ण असतात. तीन महिन्यांच्या पुढे गेलेली ही सूज, तिला चिकनगुनियानंतरचा जुनाट संधिवात म्हणायचं, तो हुबेहूब ऱ्हुमॅटॉइडसारखा वागू शकतो, आणि काही जणांत खरोखरचा ऱ्हुमॅटॉइड अशा तापानंतरच उघडा पडतो. तुमचं कुठलं ते आज सांगता येत नाही. नाव नंतर ठरवू, सूज आत्ता उतरवू.

मी म्हटलं पण व्हायरस तर गेला ना? इथे त्या जरा रमल्या, बहुतेक आवडता विषय. रक्तातून गेला, हे खरं. पण त्याचे तुकडे सांध्यातल्या पेशींत बरेच महिने रेंगाळू शकतात, एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षाने सापडलेत, आणि शरीराचे पहारेकरी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, ते बघून बोंब मारत राहतात. दुसरी शक्यता, व्हायरसचा एखादा भाग आपल्याच प्रथिनासारखा दिसतो, मग त्याच्यासाठी बनवलेलं सैन्य आपल्याच माणसावर चालून जातं. तिसरी, सूज इतकी पेटते की आजूबाजूच्या झोपलेल्या पेशीही उठतात, त्यात काही आधीपासूनच घरभेदी असतात. यातलं तुमच्यात कुठलं झालं ते शोधायला माझ्याकडे टेस्ट नाही, असं सरळ बोलल्या. मला ते सरळ बोलणं आवडलं.

घरी आल्यावर वाचलं (मोबाइल परत मिळाला होता). चिकनगुनिया हा शब्दच मुळी माकोंडे भाषेतला, १९५२ मध्ये आजच्या टांझानियात साथ आली तेव्हा पडलेला, अर्थ साधारण वाकवून टाकणारा. भिंत धरून बाथरूमला जाणारी मी आठवले. आणि हा एकटाच व्हायरस नाही. पार्व्होव्हायरस बी-१९, मुलांच्या गालावर लाली आणणारा, मोठ्या बायकांत तसाच सांध्यांना धरतो. झिकानंतर गियां-बारे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन पाय लुळे पडणं. कोविडनंतर काही आठवड्यांनी काही लहान मुलांत अनेक अवयवांची सूज. आणि २०२२ मध्ये आलेला तो मोठा अभ्यास, अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी बघून केलेला, की एपस्टाइन-बार व्हायरस झाल्यावर मल्टिपल स्क्लेरॉसिसचा (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार) धोका ३२ पट होतो. पण एपस्टाइन-बार तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाला कधी ना कधी होऊन गेलेला असतो, आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस होतो त्यातल्या अगदी थोड्यांना. म्हणजे काडी सगळीकडे पडते, पेट कुठेतरीच घेते.

ताई आणि मी. तोच डास, तोच आठवडा. मी हे डॉक्टरांना विचारलंच, मीच का? चाळिशीच्या पुढचं वय, बाईमाणूस, पहिला ताप जोरदार, यांना धोका जास्त असतो, जनुकांचाही भाग असतो. मी म्हटलं ताई ४९ च्या आहेत, बाईच आहेत आणि त्यांना माझ्याहून जास्त ताप होता. त्या म्हणाल्या, हो ना. बस, इतकंच. ताईंवर मी त्या काळात मनातून चिडले होते हे लिहून टाकते. त्या माझ्यासाठी राबत होत्या, माझे केस विंचरून द्यायच्या, आणि त्यांची बोटं माझ्या केसांतून सरसर फिरताना मला त्यांचा राग यायचा. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उपचार. आधी स्टेरॉइड कमी डोसमध्ये, सहा आठवड्यांत पायरीपायरीने उतरवत बंद, सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मलेरियाची जुनी गोळी. तिच्यासाठी डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, ती वर्षानुवर्षं घेतली तर पडद्याला त्रास होऊ शकतो म्हणून आधीची नोंद लागते. स्टेरॉइड होतं तोवर बरं होतं, बंद झालं तशी सूज अर्धी परत. मग मेथोट्रेक्सेट, रोगप्रतिकारशक्तीला आवर घालून सूज दाबणारी गोळी. त्याआधी हिपॅटायटिस बी, सी, छातीचा एक्स-रे, लिव्हर, किडनी, आणि दिवस राहणार नाहीत याची खात्री, कारण ही गोळी गर्भाला घातक.

मेथोट्रेक्सेटबद्दल एकच गोष्ट ओरडून सांगायची आहे. आठवड्यातून एकदा. रोज नाही. रोज घेतली तर अस्थिमज्जा बंद पडून माणूस जाऊ शकतो, आणि अशा चुका खरंच होतात, कारण आपल्याला रोजच्या गोळ्यांची सवय असते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वार पूर्ण अक्षरांत लिहायला लावला, माझ्याच हाताने, शनिवार. मी ती स्ट्रिप बाकीच्या औषधांपासून वेगळ्या डब्यात ठेवते आणि घेतली की कॅलेंडरवर गोल करते. वाकडातिकडा का होईना. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. रविवार मळमळीत जायचा, पहिले दोन महिने तर अंथरुणातच. आणि लगेच गुण येत नाही, सहा ते बारा आठवडे थांबा म्हणाल्या होत्या, माझा दहाव्या आठवड्यात आला.

आला हे कळलं कसं तर वहीवरून. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं की सकाळी उठल्यापासून पूर्ण मूठ वळेपर्यंत किती मिनिटं लागतात ते रोज लिहा, दुखतंय-दुखत नाही असं मोघम नको. मी गणिताची बाई, चौकटीची वही आणली, आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर मिनिटं. सातवीतला मुलगा स्टॉपवॉच लावायचा, आई मूठ, आणि मी बोटांची टोकं तळव्याला टेकतायत का दाखवायची. सुरुवातीला ११०, ९५, १०५. स्टेरॉइडमध्ये सरळ २० वर. मग परत ७०. मग आठ आठवडे ती रेष वरखाली करत तिथेच, मला वाटलं हेही औषध वाया. दहाव्यात ५०, अकराव्यात ३५. जाणवलं काहीच नव्हतं, रोजच्या रोज सगळं सारखंच वाटतं, आलेखावर मात्र उतार स्पष्ट.

मधे एकदा लिव्हरची एएलटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते) वाढली, मेथोट्रेक्सेटचा डोस १५ मिलिग्रॅमवरून १० वर आणून चार आठवड्यांनी परत तपासली, ती खाली आली, मग १२.५. एकदा लघवीचं इन्फेक्शन झालं, दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं, मी सहज म्हटलं मी मेथोट्रेक्सेटवर आहे, त्यांनी लिहिलेलं खोडलं. ट्रायमेथोप्रिम होतं त्यात, या दोघांची जोडी रक्तपेशींना घातक. मी सांगितलं नसतं तर? म्हणून आता कुठल्याही डॉक्टरसमोर पहिलं वाक्य तेच. ताप आला, इन्फेक्शन झालं की त्या आठवड्याची गोळी घ्यायची की नाही हे फोन करून विचारायचं, आणि जिवंत विषाणूंच्या लसी न विचारता घ्यायच्या नाहीत.

सहा महिन्यांनी अँटी-सीसीपी परत केली. निगेटिव्ह. आरए फॅक्टरही निगेटिव्ह झाला. म्हणजे माझे ९ चे ७ झाले, आणि सूज उतरली तसे अजून कमी. डॉक्टर म्हणाल्या हे व्हायरसच्या बाजूने झुकतंय, पण पक्कं नाही, औषधानेही सूज दबलीय ना.

आज चौदा महिने झाले. सुजलेला सांधा एकच, उजवं मनगट, तोही कधीमधी. गेल्या भेटीत ठरलं की मेथोट्रेक्सेट हळूहळू कमी करून बघायचं. व्हायरसमागचा असेल तर औषध उतरवल्यावर सांधे गप्प राहतील, ऱ्हुमॅटॉइड असेल तर बहुतेक परत डोकं वर काढेल. म्हणजे सगळे कागद झाले, सोनोग्राफी झाली, आणि शेवटी नाव ठरवायची टेस्ट हीच, गोळी कमी करा आणि मूठ वळते का बघा. मला ते कमी करायचं धाडस होत नव्हतं, खरं तर. वर्षभर जिला शिव्या घातल्या त्याच गोळीला चिकटून राहावंसं वाटत होतं. दोन आठवडे चालढकल केली, मग १० वर आले.

१० वर आल्याचा हा तिसरा आठवडा. वहीत पहिल्या आठवड्यात ८, ८, १०. दुसऱ्यात १०, ९, १२. आज सकाळी १४. मुलगा म्हणतो वाढतंय, मी म्हटलं इतक्या कमी बिंदूंवरून रेष काढायची नसते. पुढची भेट २२ तारखेला आहे.